सेमीत अडकलेल्या पोरांसाठी कोपरखैरणेतली बाईंची शिकवणी

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असाल तर इथूनच परत फिरता येईल. तुमचं पोर महापालिकेच्या मराठी शाळेत असेल आणि पाचवीला सेमी इंग्रजीच्या (गणित-विज्ञान इंग्रजीतून) तुकडीत जाणार असेल, किंवा जाऊन गटांगळ्या खात असेल, तर ही शिकवणी जरूर बघा. पाहुण्यांसमोर पोराने फाडफाड इंग्रजी बोलावं एवढीच हौस असेल तर इकडे फिरकू नका, ते इथे मिळत नाही. माझ्याकडून पाचपैकी चार. एक का कापला तेही पुढे येईलच.

बाईंचं नाव आणि घर नंबर मुद्दाम देत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. आत्ताच खोली भरून ओटीवर पोरं बसतात, त्यात आणखी जाहिरात कशाला, असं त्यांचं म्हणणं. माथाडींच्या सेक्टरात शिरलात आणि कुणालाही 'सेमीवाल्या बाई' असं विचारलंत तर दार दाखवतील. सिडकोच्या बैठ्या घरांवर आता सगळ्यांनीच माळे चढवलेत, बाईंनीही एक चढवलाय. वर त्या राहतात, खाली शिकवणी. बाई शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या. जोडीला सून, तिला पोरं मॅडम म्हणतात. बाई गणित-विज्ञान घेतात, मॅडम इंग्रजी. फी महिना सहाशे, दोन भावंडं असली तर दुसऱ्याचे चारशे. पावती नाही. मागितली तर वहीत लिहून सही करून देतात.

आमचं घर साधंच. सासरे कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते, गाव पाटणकडचं. मी तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब बघते. ओमला मराठी शाळेत घातलं ते ठरवून, पैसे नव्हते म्हणून नव्हे. चौथीपर्यंत पोरगा वर्गात पुढे. पाचवीला सेमीची तुकडी मिळाली तेव्हा नातेवाइकांनी पेढे मागितले. सहामाहीला प्रगतिपत्रकावर शेरा आला, 'गणितात कच्चा, लक्ष द्यावे.' हिशेबाच्या कामावर माझं घर चालतं, त्यामुळे तो शेरा जरा जास्तच लागला.

बाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी फीचं काढलं नाही. ओमच्या हातात एक चिठ्ठी दिली. तीवर इंग्रजीत लिहिलेलं, सबट्रॅक्ट २८ फ्रॉम ६५. ओमने वाचलं, अगदी नीट वाचलं, आणि वहीत वर २८ लिहिले, खाली ६५. मग आठ-पाच बघून थबकला. आठातून पाच गेले तीन. दोनातून सहा जाईनात, तर सहातूनच दोन काढले. उत्तर ४३. बाई काही बोलल्या नाहीत. दुसरी चिठ्ठी दिली, मराठीत, ६५ मधून २८ वजा करा. पोराने हातचा घेऊन सरळ ३७ काढले, तेही माझ्याकडे 'हे काय सोपं' अशा नजरेने बघत. बाई मला म्हणाल्या, "ताई, गणित पक्कं आहे ह्याचं. इंग्रजी वाक्यात आकडे उलटे येतात, हा वाचतो त्याच क्रमाने मांडतो. शाळेत दोन्हींची मिळून एकच परीक्षा होते, म्हणून कच्चा दिसतो."

मला ही शिकवणी पटली ती तिथेच. पोराला विषय येत नाही की विषयाची भाषा येत नाही, हे आधी वेगळं करून बघायचं. पुढचं सगळं त्यांचं शिकवणं ह्याच पायावर चालतं.

सेमी म्हणजे काय हे नव्या पालकांसाठी. माध्यम मराठीच, फक्त गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. काही शाळांत पहिलीपासून, पुष्कळ ठिकाणी पाचवीपासून. इंग्रजी हा विषय मात्र राज्यात २००० सालापासून पहिलीलाच आहे, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना तो निर्णय झाला. त्यामुळे वरवर बघता पोर पाचवीत येईपर्यंत चार वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. पण ते इंग्रजी म्हणजे कविता, चित्रांची नावं, माय नेम इज. 'एका टाकीत इतके लिटर पाणी, दर मिनिटाला इतकं गळतं' असलं चार ओळींचं उदाहरण त्यात नसतं. पाचवीच्या जूनमध्ये ते एकदम अंगावर येतं.

बाईंची पद्धत अशी. प्रत्येक पोराकडे गणिताची दोन पुस्तकं लागतात, बालभारतीचं इंग्रजी माध्यमाचं (सेमीला तेच असतं) आणि त्याच इयत्तेचं मराठी माध्यमाचं. दोन्हींत तेच धडे, तीच उदाहरणं. शाळेतून इंग्रजीवालं फुकट मिळतं. मराठीवालं मागच्या वर्षीच्या पोरांकडून घ्या नाहीतर ई-बालभारतीच्या साईटवरून पीडीएफ उतरवा, त्यालाही पैसे पडत नाहीत. मी ऑफिसच्या प्रिंटरवर काढली, साहेब वाचत असतील तर माफी. दोन्ही पुस्तकं शेजारी उघडी ठेवायची. नवा भाग असेल, समजा अपूर्णांक, तर पहिले दोन-तीन दिवस बाई निव्वळ मराठीत शिकवतात. भाकरीचे तुकडे नाहीत की केकचे नाहीत, सरळ कागदाच्या पट्ट्या दुमडायला लावतात. अंश म्हणजे काय, छेद म्हणजे काय, छेद मोठा झाला की तुकडा लहान का होतो, हे पोर स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत इंग्रजी पुस्तक बंद. मग ते उघडायचं आणि तेच न्यूमरेटर, डिनॉमिनेटर म्हणून वाचायचं. आठवड्याच्या शेवटी उदाहरण इंग्रजीत वाचायचं, मराठीत आपल्या शब्दांत सांगायचं, सोडवायचं, आणि उत्तर पूर्ण इंग्रजी वाक्यात लिहायचं. नुसता आकडा लिहिला तर परत पाठवतात.

हे उत्तर-वाक्याचं प्रकरण मला आधी जाच वाटलं. ओमलाही. पण तोच एक असा मिनिट आहे जिथे पोर स्वतः इंग्रजी जुळवतं. शाळेत फळ्यावरचं उतरवण्यापलीकडे इंग्रजीत स्वतःचं असं काही लिहायची वेळच येत नाही. दिवाळीनंतर ओमच्या वहीत 'देअर आर ३७ मँगोज लेफ्ट इन द बास्केट' असं वाक्य बघितलं. स्पेलिंग एक चुकलेलं, वाक्य त्याचं.

संख्यांच्या नावांचा घोळ बाई फार छान सोडवतात. आपल्याकडे बासष्ट म्हणताना दोन आधी, साठ नंतर. इंग्रजीत साठ आधी. त्यामुळे मॅडम सिक्स्टी टू म्हणाल्या की निम्मी पोरं २६ लिहून मोकळी होतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात बावीसबरोबर 'वीस दोन' असंही दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? विधानसभेत टिंगल झाली, फॉरवर्ड फिरले. मंगला नारळीकर त्या समितीच्या अध्यक्ष होत्या, त्या बिचाऱ्या जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण समजावून सांगत राहिल्या. बाईंकडे तो वाद नाहीच. बासष्ट, साठ दोन, सिक्स्टी टू, तिन्ही एका दमात म्हणायचे, आणि म्हणताना बोट ज्या अंकावर असायला हवं त्याच अंकावर. संध्याकाळी गल्लीतून गेलात तर हा गजर ऐकू येईल. समोरचा इस्त्रीवालासुद्धा आता म्हणतो.

सासरे एकदा ओमला सोडायला गेले आणि तासभर बसून आले. घरी येऊन म्हणाले, "चुंबळ नीट बसली तर पोतं डोक्यावर राहतं, ती काढून टाकली तर मानच जायची. बाई चुंबळ काढत नाही." आयुष्यभर पोती वाहिलेल्या माणसाचं मत, त्यावर मी काय बोलणार.

आता दुसरी बाजूही बघा. वाशीच्या बाजूला एक मोठा क्लास आहे, एसी, काचेचं दार, 'इंग्लिश ओन्ली झोन'. आमच्या शेजारणीची मुलगी तिथे जायची. मराठी शब्द तोंडातून आला की डब्यात दोन रुपये. पोरगी हुशार, तिने महिनाभर तोंडच उघडलं नाही, एक रुपया दंड नाही. आईला वाटलं प्रगती आहे. शेवटी चाचणीला बसवली तेव्हा कळलं. आता बाईंकडेच येते, ओमच्या शेजारी बसते, आणि इतकी बोलते की मॅडमना तिला गप्प करावं लागतं. मराठी बंद केली की इंग्रजी आपोआप येईल, ही समजूत कुठून आली कोण जाणे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात कलम २९ मध्ये माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावं असं लिहिलंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर विज्ञान-गणितासाठी चांगली द्विभाषिक पुस्तकं तयार करा, शिक्षकांनी दोन्ही भाषा वापराव्यात, असं स्पष्ट आहे. कागदावर आहे ते सगळं बाई सहाशे रुपयांत करतात. शाळेत फुकट व्हायला हवं ते. पण शाळेतल्या शिक्षकांना मी सरसकट दोष देणार नाही. चाळीस-पन्नास पोरं, मधेच मतदार यादीच्या कामाची बीएलओ ड्युटी, रोज नवी माहिती भरायचं ॲप, आणि स्वतः मराठी माध्यमातून शिकून आता इंग्रजीतून विज्ञान शिकवा म्हणून सांगितलेलं. त्यांना कोणी चिठ्ठ्या देऊन तपासायला वेळ ठेवलाय?

माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिची मुलगी इथून दुसरीत गेली. प्रवेशाच्या वेळीच फॉर्मवर विचारलं, घरात कुठली भाषा बोलता. मग ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं अशी चार अंगांची परीक्षा, आणि प्रत्येकात पायरी ठरवून वेगळ्या बाई. बाईंच्या दोन चिठ्ठ्यांचाच मोठा भाऊ म्हणा. तिथे त्या राज्याचा कायदा असा की एका जिल्ह्याच्या शाळांमध्ये एकाच भाषेची वीस किंवा जास्त मुलं इंग्रजीत कमी पडत असतील तर त्यांच्यासाठी दोन्ही भाषांतून शिकवायची सोय करायची. स्पॅनिश बोलणाऱ्यांना ती मिळते. भाचीच्या भागात मराठी पोरं वीस भरली नाहीत, म्हणून तिला फक्त इंग्रजीचा जादा तास. हे सगळं तिथेही आपोआप झालं नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या पालकांनी कोर्टात जाऊन १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाकडून निकाल मिळवला, की ज्याला भाषाच कळत नाही त्याला तेच पुस्तक, तेच मास्तर दिले म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही. आणि नंतर उलट वारंही फिरलं. कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये लोकांनी मत देऊन दोन भाषांचं शिक्षण जवळजवळ बंद केलं, २०१६ मध्ये पुन्हा मत देऊन ते उघडलं.

नणंद म्हणते, मुलगी वर्षभरात मैत्रिणींशी भांडण्याइतकं इंग्रजी बोलायला लागली, पण समाजशास्त्राचं पुस्तक समजायला पुष्कळ वर्षं गेली. मला वाटलं तिची मुलगी आळशी. मग वाचलं तर कॅनडातल्या जिम कमिन्स नावाच्या अभ्यासकांनी हेच सांगून ठेवलंय. बोलायची भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि हे जिथे दुकानात, बसमध्ये, खेळाच्या मैदानावर सगळीकडे इंग्रजी आहे तिथलं. आमच्या पोरांना कोपरखैरणेच्या गल्लीत इंग्रजी ऐकू येतं ते क्रिकेटच्या कॉमेंटरीत. म्हणून तिकडचं सगळं उचलून इकडे लावा असं मी म्हणत नाही. पण पाचवीच्या जूनला सुरू केलेलं सेमी सहामाहीला उतरलं पाहिजे, ही घाई कुठली?

बाईंच्या वर्गातली एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. एक मुलगी आहे लमाणी घरातली, आईवडील तुर्भ्याच्या नाक्यावर बिगारी काम करतात. घरी गोरमाटी, शाळेत मराठी, सेमीत इंग्रजी. आपण दोन भाषा म्हणतो, तिच्या तीन होतात, आणि जी तिची खरी आहे ती वर्गात कुठेच नाही. बाईंना गोरमाटी येत नाही. त्या तिला म्हणतात, उदाहरण आधी तुझ्या आईला सांगतेस तसं मला सांग. ती सांगते, बाईंना अर्धं कळतं, बाकी हातवारे. मग मराठी, मग इंग्रजी. ह्यात वेळ जातो. इतर पोरं कंटाळतात, एकदोन पालक कुरकुरतात. बाई ऐकून घेतात आणि तसंच चालू ठेवतात. बिहार-उत्तर प्रदेशकडची दोन पोरं आहेत, त्यांना हिंदीत सांगायची मुभा आहे.

मॅडमचा इंग्रजीचा तास मात्र इतका भरीव नाही. वाचन चांगलं होतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साईटवरची एकच गोष्ट आधी मराठीत, मग इंग्रजीत वाचायला देतात. तिथल्या गोष्टी छापून घ्यायला परवानगी आहे, पातळ्या एक ते चार आहेत, सहावीतलं पोर पहिल्या पातळीवर असलं तरी कोणी हसत नाही. घरी फोनवर गुगलचं रीड अलाँग लावायला सांगतात. त्यात मराठीही आहे, इंग्रजीही, गोष्टी उतरवून ठेवल्या की नेट नसलं तरी चालतं. पोर मोठ्याने वाचतं, अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की ॲप म्हणून दाखवतं. ओमला माझ्यासमोर चुकायची लाज वाटते, फोनसमोर वाटत नाही.

पण बोलणं? तिथेच माझा एक तारा गेला. तासातला निम्मा वेळ टेन्सच्या तक्त्यात जातो. पोरं 'हॅड बीन' पर्यंत घोकतात आणि पाणी प्यायला जाऊ का, हे विचारता येत नाही. मॅडमना एकदा सांगितलं, त्या म्हणाल्या परीक्षेत तक्ता येतो. बरोबर आहे, पण मग शिकवणी आणि शाळा ह्यांत फरक काय राहिला. आणखी बारीकसारीक: तिसरी ते सातवी एकत्र बसतात, लहानांचा आवाज मोठ्यांना होतो. पंखा एकच. पावसाळ्यात ओटीवरच्या पोरांच्या वह्या भिजतात, प्लास्टिकची पिशवी द्या. चपला दाराबाहेर ठेवाव्या लागतात आणि त्या अदलाबदल होऊन येतात, हे गृहीत धरा. गौरी-गणपतीत बाई गावी जातात, त्या दिवसांची फी कापत नाहीत.

वेळ सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सहा ते आठ. शनिवारी ज्यांची उत्तर-वाक्यं राहिली असतील तेवढीच पोरं. नवी पोरं जूनमध्ये आणि दिवाळीनंतर घेतात, मधे नाही. आठवी-नववीची घेत नाहीत, कितीही विनवण्या करा. येताना पोराला बरोबर आणा, एकटे पालक आले तर बाई दारातूनच परत पाठवतात, कारण चिठ्ठी पोराच्या हातात द्यायची असते. आणि त्यांच्यासमोर पोराला 'इंग्लिशमध्ये बोल ना' असं म्हणू नका. एका बाबांनी म्हटलं होतं, बाईंनी आधी त्या बाबांनाच इंग्रजीत एक वजाबाकी सोडवायला दिली.